सनद आणि शिळा

बॉस्टन शहराच्या दक्षिण सीमेवर हाइड पार्क नावाची वस्ती आहे. तेथील फेअरव्ह्यू स्मशानभूमीत १६ जुलै २०२० रोजी, महामारीच्या धास्तीने जगातले बहुतेक समारंभ बंद पडले असताना, काही माणसे एका थडग्यापाशी जमली. त्या थडग्यात विसावलेल्या स्त्रीला मृत्यू येऊन सव्वाशे वर्षे लोटली होती, आणि एवढ्या अवधीत त्या जागी नाव, साल किंवा साधी खूण म्हणूनही कोणी दगड रोवला नव्हता. त्या दिवशी मात्र तेथे ग्रॅनाइटची शिळा उभी राहिली आणि तिच्यावरील अक्षरांनी येणाऱ्याजाणाऱ्याला प्रथमच सांगितले, की येथे डॉ. रिबेका क्रम्प्लर विश्रांती घेत आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती हीच. शिळेला लागणारा पैसा हाइड पार्कच्या ग्रंथालयाच्या स्नेहमंडळाने वर्गणीने गोळा केला होता, आणि शिळेच्या पाठीमागच्या अंगावर मॅसॅच्युसेट्स संस्थानातील चारही वैद्यकीय विद्यालयांच्या वतीने आदराचे शब्द कोरलेले होते.

सनद मिळाली १८६४ साली आणि शिळा मिळाली २०२० साली. मधली १५६ वर्षे या बाईंचे नाव होते कोठे, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घर करून आहे. राजेरजवाड्यांची, सेनापतींची आणि धनिकांची नोंद ठेवायला कारकून असतात, त्यांच्या नावाने दप्तरेच्या दप्तरे भरतात. पण जी माणसे गरिबाच्या खोलीत आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवतात आणि उजाडताच फीचा शब्दही न काढता पुढच्या दारी जातात, त्यांची नोंद ठेवणे हे कोणाच्याच कामात मोडत नाही. रिबेकाबाईंनी हे पुरते ओळखले असावे, असे मला वाटते. कारण त्यांनी आपली नोंद आपल्याच हाताने ठेवली, आणि आज त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला बराच भाग त्यांनी १८८३ साली छापलेल्या एका लहानशा पुस्तकाच्या प्रारंभीच्या थोड्या ओळींवर उभा आहे. त्यांचा सन्मान करावयाचा, तर ‘पहिली’ या एका शब्दापाशी न थांबता ती नोंद वाचली पाहिजे, आणि ती कोणासाठी लिहिली गेली हे नीट पाहिले पाहिजे.

रिबेका डेव्हिस हिचा जन्म ८ फेब्रुवारी १८३१ रोजी डेलावेअर संस्थानातील ख्रिस्तियाना या गावी झाला. त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील नायगावी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला होता. परस्परांचे नावही ज्यांच्या कानी आले नसेल अशा या दोघींच्या वाट्याला पुढे शिक्षणाची बंद दारे उघडण्याचे आणि आजाऱ्यांच्या सेवेचे काम यावे, याचे मराठी वाचकाला अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही. डेलावेअर हे दास्याला कायद्याची मान्यता असलेले संस्थान होते, आणि तेथे ही मान्यता यादवी युद्ध संपून सगळ्या देशाची घटना बदलेपर्यंत टिकून राहिली. रिबेका स्वतंत्र म्हणून जन्मली. पण ज्या मुलखात आपल्याच वर्णाची माणसे विकली आणि विकत घेतली जातात, तेथील स्वतंत्र माणसाचे स्वातंत्र्यही किती तोकडे असते हे सांगावयास नको. तिचे बालपण शेजारच्या पेनसिल्व्हानियात एका मायाळू मावशीच्या घरी गेले. ही मावशी शिकलेली वैद्य नव्हती. परंतु आसपास कोणी अंथरुणाला खिळले की तिलाच बोलावणे येई, आणि तिच्या पाठोपाठ जाणारी ही मुलगी दुखणाइताचे तोंड, श्वास आणि नाडी कशी पाहावी, ताप कसा उतरवावा, घाबरलेल्या आईला धीर कसा द्यावा, हे पुस्तकाच्या आधी डोळ्यांनी शिकली. दुसऱ्याची पीडा हलकी करण्याची आवड आपल्याला त्या घरात लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

१८५२ च्या सुमारास रिबेका बॉस्टनलगतच्या चार्ल्सटाउन गावी आली. तेथे तिचा विवाह व्हर्जिनियातील पूर्वीच्या दास्यातून सुटलेल्या वायट ली या गृहस्थाशी झाला, आणि तेथेच निरनिराळ्या डॉक्टरांच्या हाताखाली तिने आठ वर्षे परिचारिकेचे काम केले. त्या काळी परिचारिकांना शिक्षण देणाऱ्या रीतसर शाळा अमेरिकेत नव्हत्या; त्या १८७० नंतरच्या दशकात निघाल्या. ज्या कामाला शाळा नाही त्या कामाला प्रतिष्ठाही नसते, आणि परिचारिकेची गणना मोलकरणीच्या पंक्तीत होण्याचा तो काळ होता. अशा काळात तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांनी, ही स्त्री वैद्यकीच्या विद्यालयात जाण्यास लायक आहे, असे शिफारसीचे लेखी दाखले तिच्या हाती द्यावेत, यावरून त्या आठ वर्षांत तिने काय प्रतीचे काम केले असेल याचा अदमास होतो. वशिल्याने मिळालेले दाखले आणि रात्रीच्या रात्री जागून मिळवलेले दाखले यांत जो फरक असतो, तो येथे ध्यानात घ्यावा.

हे दाखले घेऊन ती १८६० साली ज्या संस्थेच्या दारी गेली, तिची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. सॅम्युएल ग्रेगरी नावाच्या एका गृहस्थाने १८४८ साली बॉस्टन येथे स्त्रियांसाठी वैद्यकीचे विद्यालय काढले, आणि पुढे त्याला ‘न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेज’ हे नाव मिळाले. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा भरू लागली ते सालही १८४८ च. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरांनी जाणे शीलाला धरून नाही, म्हणून सुईणपण शिकलेल्या स्त्रिया तयार व्हाव्यात, हा ग्रेगरीचा मूळ हेतू होता. स्त्रियांच्या बुद्धीला मोकळे रान मिळावे ही तळमळ त्यामागे मुख्यत्वे नव्हती. परंतु दार एकदा किलकिले झाले की त्यातून कोण आत येईल हे दार उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. स्त्रियांना शरीरशास्त्र, रसायन, औषधीविज्ञान, आरोग्यशास्त्र आणि न्यायवैद्यक हे विषय तेथे शिकवले जाऊ लागले, आणि सुईणी तयार करण्यास निघालेल्या संस्थेतून डॉक्टरणी बाहेर पडू लागल्या.

तेव्हाची स्थिती आकड्यांत सांगावयाची, तर १८६० साली अमेरिकेत चोपन्न हजारांवर डॉक्टर होते. त्यांत स्त्रिया सुमारे ३००, आणि त्या तीनशेंत कृष्णवर्णीय स्त्री एकही नव्हती. एलिझाबेथ ब्लॅकवेल हिला त्या देशातील स्त्रियांपैकी पहिली वैद्यकीय पदवी मिळून तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय पुरुषांत जेम्स मक्यून स्मिथ याने १८३७ साली पदवी घेतली होती, पण ती स्वदेशात कोणी विद्यालयात घेईना म्हणून स्कॉटलंडमधील ग्लासगोला जाऊन. स्त्री असणे ही एक अडचण आणि कृष्णवर्णीय असणे ही दुसरी. या दोन्ही भिंती जेथे एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यातून आजवर कोणी वाट काढली नव्हती, आणि रिबेका नेमकी तेथेच उभी होती. शिक्षणाचा खर्च हा तिसरा प्रश्न. तो वेड या नावाच्या शिष्यवृत्तीने काही अंशी सुटला.

अभ्यास चालू असतानाच देशात यादवी युद्ध पेटले, आणि १८६३ च्या एप्रिलात तिचा पती वायट क्षयाने मरण पावला. घरात क्षयाचा रोगी, समोर परीक्षा आणि बाहेर रणधुमाळी, अशा स्थितीत तिने आपला अभ्यास पुरा केला. १८६४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस अध्यापकमंडळापुढे तिची तोंडी परीक्षा झाली. मंडळापैकी काहींनी तिच्या प्रगतीच्या संथपणाकडे बोट दाखवून शिफारस करण्यास बराच संकोच केला. पण विश्वस्तांची इच्छा आणि त्या वेळचे लोकमत यांचा मान राखून अखेरीस शिफारस केली, अशी नोंद विद्यालयाच्या दप्तरात आहे. ही नोंद मी मुद्दाम सांगतो, कारण थोरांच्या चरित्रांतून असे कागद गाळण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि त्यामुळे चरित्र गुळगुळीत होत असले तरी खरे राहत नाही. पती अंथरुणावर आणि नंतर चितेच्या धगीसारखे वैधव्य, यांतून जाणाऱ्या विद्यार्थिनीची गती किती असावी हे परीक्षकांनी कोणत्या मापाने ठरवले हे दप्तर सांगत नाही. १ मार्च १८६४ रोजी विश्वस्तांनी तिला ‘डॉक्ट्रेस ऑफ मेडिसिन’ ही पदवी दिली. पुढे १८७३ च्या सुमारास हे विद्यालय बॉस्टन विद्यापीठात विलीन झाले. तोवर तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांत कृष्णवर्णीय स्त्री ही एकटीच.

सनद हाती आल्यावर रिबेकाबाईंनी काही काळ बॉस्टनमध्येच काम केले. २४ मे १८६५ रोजी कॅनडातील सेंट जॉन या गावी त्यांनी आर्थर क्रम्प्लर यांच्याशी विवाह केला. आर्थर हे व्हर्जिनियातील दास्यातून पळून आलेले लोहार. युद्धकाळात फोर्ट मन्रो येथे संघराज्याच्या सैन्याचे लोहारकाम त्यांनी केले होते. युद्ध नुकतेच संपले होते, आणि दक्षिणेकडील चाळीस लाखांच्या आसपास माणसे दास्यातून मुक्त झाली होती. मुक्त झाली म्हणजे काय झाले, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कालपर्यंत मालकाला त्यांच्या शरीराची काळजी होती, ती आपली गुरे मरू नयेत अशा जातीची. आज ती काळजीही कोणाची राहिली नव्हती. घर नाही, रोजगाराची शाश्वती नाही, अंगावर धड वस्त्र नाही, अशा स्थितीत माणसांचे लोंढे शहरांकडे वळले, आणि दाट वस्तीत देवी, पटकी आणि ताप यांनी त्यांना गाठले. त्यांच्यासाठी सरकारने १८६५ साली ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ नावाचे खाते उघडले. शाळा, शिधा, मजुरीचे करार आणि दवाखाने ही कामे त्या खात्याकडे होती.

या कामासाठी रिबेकाबाई व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथे गेल्या. रिचमंड हे दास्याच्या पक्षाने उभ्या केलेल्या बंडखोर राज्याचे मुख्य शहर. १८६५ च्या एप्रिलात माघार घेणाऱ्या सैन्याने लावलेल्या आगीत त्याचा व्यापारी भाग जळून खाक झालेला. स्त्रियांचे आणि मुलांचे रोग जवळून पाहण्यास आणि सेवेस याहून योग्य क्षेत्र नाही, असा विचार करून आपण तेथे गेलो, असे त्या सांगतात. जनरल ब्राउन यांच्या अखत्यारीतील त्या खात्याच्या मदतीने, तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या त्या वस्तीत रोज पुष्कळ निर्धन रोग्यांपर्यंत त्यांना पोहोचता आले. काम सोपे नव्हते. तेथील पुरुष डॉक्टरांनी त्यांना बरोबरीने वागवले नाही, आणि त्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर औषध देण्यास काही औषधविक्रेते नकार देत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. सनद खरी असली तरी ती मानणे न मानणे हे समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हा अनुभव त्यांनी तेथे रोज घेतला असणार. आणि तरीही त्या आत्मवृत्ताच्या ओळींत गाऱ्हाण्याचे एक अक्षर नाही, आहे ते केवळ तेथे काय शिकायला मिळाले याचे समाधान.

रिचमंडमधील या कामाची वार्ता आपल्या मुलखात पोहोचली नसेल. पण ज्या घडामोडीतून ते काम निघाले तिचा आवाज पुण्यापर्यंत आला होता. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो दासांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. मुक्ततेची घोषणा ही कामाची सुरुवात असते, शेवट नसतो, हे जोतीराव आणि सावित्रीबाई यांना शाळा चालवताना जसे उमगले, तसेच ते रिबेकाबाईंना रिचमंडच्या खोल्यांतून उमगले. कायद्याने माणूस एका दिवसात स्वतंत्र होतो. त्याचे मूल उन्हाळ्यातल्या हगवणीतून वाचण्यासाठी मात्र कोणीतरी रोज त्याच्या दारी जावे लागते.

१८६९ च्या सुमारास त्या बॉस्टनला परतल्या आणि बीकन हिल या टेकडीच्या उत्तर उतारावर जॉय स्ट्रीटवर ६७ क्रमांकाच्या घरात राहू लागल्या. हा उतार म्हणजे बॉस्टनच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. १८०६ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनागृह तेथून हाकेच्या अंतरावर, आणि त्याच प्रार्थनागृहात १८३२ साली दास्यविरोधी चळवळीची एक मोठी संघटना जन्मास आली होती. या घरी रिबेकाबाईंनी नव्या हुरुपाने काम सुरू केले. बाहेर घरोघरी जाऊन त्या रोगी तपासत, आणि आजारी मुलांना उपचारासाठी आपल्या घरातही ठेवून घेत. मेहनताना मिळेल किंवा नाही याचा विचार त्यांनी फारसा केला नाही. डिसेंबर १८७० मध्ये त्यांना मुलगी झाली. त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांना दूध कसे पाजावे, कसे न्हाऊ घालावे, दात येताना काय जपावे, हे सांगणाऱ्या बाईंच्या शब्दांत डॉक्टरणीच्या जोडीला आईचाही आवाज मिसळला.

१८८० च्या सुमारास हे कुटुंब हाइड पार्कला राहावयास गेले, आणि तेथे राहत असताना १८८३ साली त्यांचे ‘अ बुक ऑफ मेडिकल डिस्कोर्सेस’ हे पुस्तक बाहेर पडले. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाने लिहिलेल्या वैद्यकावरील अगदी पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तान्ह्या मुलांच्या पोटाच्या विकारांची कारणे, ते टाळण्याचे उपाय आणि त्यांवरील इलाज सांगितले आहेत. जन्मापासून दात येण्याचा काळ संपेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच वर्षांपर्यंतच्या वयाचा त्यात विचार आहे. दुसऱ्या भागात मानवी शरीराची वाढ, मुलीचे वयात येणे, आणि स्त्रियांच्या व तरुणांच्या नेहमीच्या व्याधी यांविषयी माहिती आहे. आपण वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या टिपणांतून हे पुस्तक तयार केले, असे त्या सांगतात, आणि ते अर्पण केले आहे माता, परिचारिका आणि मनुष्यजातीच्या वेदना कमी करू इच्छिणाऱ्या सगळ्यांना.

या अर्पणाचे महत्त्व आज सहज ध्यानात येणार नाही. तो काळ असा होता, की डॉक्टरांचे ग्रंथ डॉक्टरांसाठी लिहिले जात आणि आयांना उपदेश करण्याचे काम मुख्यतः शेजारणी, सुईणी आणि वर्तमानपत्रांतील गुणकारी औषधांच्या जाहिराती करीत. त्या जाहिरातींतली कित्येक गोड सरबते म्हणजे अफूचे द्रव असत. रडणारे मूल त्यांनी शांत होई, आणि कधी कधी कायमचे शांत होई. उन्हाळ्यात शहरांतील हजारो तान्ही मुले ज्या हगवण-ओकारीच्या आजाराने दगावत, त्याला तेव्हा ‘कॉलरा इन्फँटम’ म्हणत. त्याचे मूळ नासलेल्या दुधात, दूषित पाण्यात आणि कोंदट खोल्यांत होते. पण जंतूंचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ साली, आणि पटकीचा शोधला तो पुढच्याच एकदोन वर्षांत. या शास्त्राची मदत पूर्णपणे हाती येण्याच्या आधी रिबेकाबाई आयांना एक सूत्र सांगत होत्या, की प्रत्येक आजाराला कारण असते आणि ते दूर करणे पुष्कळदा आपल्या हाती असते. रोग हा दैवाचा कोप किंवा वंशाचा दोष आहे असे मानणाऱ्या समाजात, आणि कृष्णवर्णीय माणूस शरीरानेच दुबळा आहे असे डॉक्टरही ग्रंथांत लिहीत असलेल्या काळात, कारण शोधा आणि ते हटवा हा उपदेश किती मोठा होता! औषध देणारा डॉक्टर रोग्याला आपल्यावर अवलंबून ठेवतो. कारण सांगणारा डॉक्टर त्याला मोकळे करतो. दास्यमुक्त माणसांत काम केलेल्या स्त्रीला मोकळे करणे म्हणजे काय याची जाण अधिक असावी, यात नवल नाही.

त्याच १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियातील ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली, त्याच विद्यालयाने १८६७ साली रिबेका कोल या कृष्णवर्णीय स्त्रीला पदवी दिली होती. आनंदीबाईंच्या चरित्राने मराठी मनात घर केले आहे. परंतु ज्या विद्यालयाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला, तो त्यांच्या आधी एकोणीस वर्षे दास्याच्या सावलीत वाढलेल्या समाजातील एका मुलीसाठीही उघडला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. रिबेका कोल यांच्या नावाने आणखी एक गफलत झाली. डॉ. क्रम्प्लर यांचे नाव विस्मृतीत गेल्यामुळे, आणि दोघींचेही पहिले नाव रिबेका असल्यामुळे, पुष्कळ वर्षे कोल हीच पहिली कृष्णवर्णीय डॉक्टरीण, असे ग्रंथांतून छापले जात होते. तीन वर्षांनी आधी असलेली बाई इतिहासाच्या पानावरून पुसली गेली, तीही कोणाच्या द्वेषाने नव्हे, तर निव्वळ दुर्लक्षाने.

दुर्लक्षाची दुसरी साक्ष त्यांच्या चेहऱ्याची आहे. रिबेकाबाईंचे छायाचित्र म्हणून जे चित्र सर्वत्र फिरते, ते बहुधा मेरी महोनी या परिचारिकेचे असते. १८७९ साली बॉस्टनमधील परिचारिका-विद्यालयाची परीक्षा उत्तीर्ण झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. डॉ. क्रम्प्लर यांचे खात्रीचे छायाचित्र आज उपलब्ध नाही. एकीची ओळख दुसरीच्या चेहऱ्याला चिकटवताना सन्मान दोघींचाही होत नाही. महोनीबाईंचा स्वतंत्र पराक्रमही अशाने झाकला जातो. ज्याला आदर दाखवायचा आहे त्याने आधी खरे काय ते पडताळावे, ही साधी शिस्त चुकली, की आदरही दुर्लक्षाचाच एक प्रकार होऊन बसतो.

तरीही गेल्या काही दशकांत त्यांच्या नावाला हळूहळू उजाळा मिळाला आहे, हे आनंदाने नोंदवावेसे वाटते. १९८९ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय डॉक्टरणींनी स्थापन केलेल्या एका संस्थेने रिबेका ली हे नाव धारण केले. जॉय स्ट्रीटवरील त्यांचे घर बॉस्टनच्या स्त्रियांच्या इतिहासाच्या यात्रामार्गावर दाखवले जाते. ज्या व्हर्जिनियात औषधविक्रेत्यांनी त्यांच्या चिठ्ठ्या नाकारल्या, त्या संस्थानाच्या राज्यपालांनी ३० मार्च २०१९ हा दिवस त्यांच्या नावाने जाहीर केला, आणि ८ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्यांच्या जन्मानंतर १९० वर्षांनी, बॉस्टन शहरानेही तसेच केले. हे सन्मान उशिरा आले; पण उशिरा आलेल्या सन्मानालाही एक काम असते. ज्यांना तो द्यायचा ते तर निघून गेलेले असतात. त्यांच्या वाटेने चालू पाहणाऱ्या मुलींना मात्र, या वाटेवर आपल्याआधी कोणीतरी चालून गेले आहे, एवढे कळणेसुद्धा फार मोठे बळ असते.

आनंदीबाईंचे निधन २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास झाले, आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथील स्मशानभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाची शिळा आजही उभी आहे. परक्या देशात, परक्या धर्माच्या माणसांनी एका मराठी मुलीचे नाव दगडात जपले; आणि त्याच देशाच्या मातीत जन्मलेल्या, तेथील गरिबांची मुले वाचवलेल्या बाईंचे नाव मात्र तेथेच सव्वाशे वर्षे मातीखाली राहिले. याचे कारण स्वभावात शोधण्याचे कारण नाही. ज्यांच्यामागे जमीन, पैसा आणि नोंद ठेवणारी माणसे असतात, त्यांच्या थडग्यांवर शिळा उभ्या राहतात. ज्यांनी आपला मेहनतानाही मागितला नाही त्यांच्यामागे शिळेपुरते पैसे उरत नाहीत.

रिबेकाबाईंचे ९ मार्च १८९५ रोजी हाइड पार्कमध्ये निधन झाले. मागे राहिले आर्थर. ज्या व्हर्जिनियात त्यांचे बालपण आणि तारुण्य गेले, तेथे दासांना लिहिणे-वाचणे शिकवण्यासाठी एकत्र जमवणे कायद्याने गुन्हा होते, आणि त्यामुळे लोहाराचा हातोडा ज्या हातात लीलया खेळे, त्या हातांना अक्षरे कधी लिहिता आली नव्हती. पत्नीच्या निधनानंतर, सत्तरी उलटून गेलेली असताना, ते बॉस्टनमधील रात्रीच्या शाळेत जाऊन बसले आणि शिकू लागले; १८९८ साली शहरातील एका वर्तमानपत्राने त्यांची हकीकत, बॉस्टनमधील सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थी म्हणून, छापली. जी बाई आयुष्यभर आयांसाठी आणि परिचारिकांसाठी लिहीत राहिली, तिचे पुस्तक निदान थोडेफार आपले आपल्याला वाचता यावे, असे त्या वृद्धाच्या मनात आले असेल का, हे सांगता येत नाही. पण तसे आले असावे असे मानण्याचा मोह मला आवरत नाही. १९१० साली ते वारले आणि पत्नीच्या शेजारी निजले. अक्षरे ओळखू लागल्यानंतर ते त्या थडग्यापाशी कधी आले असतील, तर तेथे त्यांना वाचण्यासारखे एकही अक्षर नव्हते. आता आहे, आणि ते वाचणाऱ्याने तेवढ्यावर न थांबता, १८८३ सालचे ते लहानसे पुस्तकही उघडून पाहावे, म्हणजे शिळेला आणि सनदेला दोघींनाही अर्थ येईल.